पुराच्या ओंडक्यावरील दगड मी हलविल्याबाबत

दि. १८ ऑगस्ट १९९७

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
ता. आंबेगाव, जि. पुणे

विषय : भागू लोहकरे खून प्रकरणी माझा जबाब घेण्याबाबत.
संदर्भ : मयताची आई साळुबाई लोहकरे यांचा दि. ११ चा अर्ज (हस्ताक्षर माझे).

महोदय,

मी निवृत्त ग्रंथपाल असून तीन वर्षांपासून घोड नदीकाठी आमच्या वाडीत राहतो. या कामी दोनदा आपल्या फाटकापर्यंत आलो आणि परत गेलो. समोर उभे राहून मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

१. पूर ओसरला की वाहून आलेले लाकूड वाडीतील लोक काठावर ओढतात, वाळवून फोडतात आणि मोळ्या घोडेगावच्या बाजारात विकतात. ओढलेल्या लाकडावर दगड ठेवला की ते त्या माणसाचे. त्याला कोणी हात लावत नाही. ही चाल मला माहीत होती.

२. दि. ९ रोजी सकाळी ठमाबाई आसवले हिने आंब्याचा मोठा ओंडका एकटीने काठावर घेतला, दगड ठेवला व ती दोर आणायला घरी गेली. मी त्या ओंडक्यावर वाचत बसलो. दगड टोचत होता, म्हणून उचलून गवतात ठेवला. पावसाची सर आली. पुस्तक भिजेल म्हणून छत्री उघडून वडाखाली गेलो. दगड परत ठेवायचे राहिले.

३. भागू आला. रिकामा ओंडका पाहून रीतीप्रमाणे त्याने मोठ्याने विचारले, "कुणाचं हाय का रं ह्ये?" मी पन्नास पावलांवर होतो. ओरडून सांगायचा संकोच वाटला. जवळ जाऊन सांगू असे ठरवीत राहिलो, तोवर त्याने कुऱ्हाड चालवली होती.

४. ठमाबाई आली. "माझा दगुड कुठं फेकला रं चोरा?" भागू म्हणाला, "दगुड व्हताच कुठं? आयत्या लाकडावर येती व्हय गं?" तिने कुऱ्हाड धरली. त्याने दांडा तिच्या हातावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मला वडाखाली ऐकू आला. ती पडल्यावर त्याने पोटात दोन लाथा घातल्या व पाठ फिरवली. तिने डाव्या हाताने कमरेचा कोयता काढून त्याच्या मानेवर घातला. तो खाली बसला. तिने आणखी दोन वार केले. मी छत्री धरून उभा होतो.

५. नंतर भागूच्या भावांनी तिला केसांना धरून वाडीभर ओढले, तिच्या मोळ्या व घर पेटवले. गोठ्यात बांधलेली शेळी जळाली. तेव्हाही मी काही बोललो नाही.

६. दोन दिवसांनी साळुबाई माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. "माझा ल्योक चोर नव्हता, येवढं लिवा गुरुजी," इतकेच त्या म्हणाल्या. 'ओंडक्यावर दगड नव्हता, ठमाबाई खून करण्याच्या तयारीनेच आली होती' हे वाक्य मी आपल्या मनाने घातले. ते वाचायला ठीक वाटले. त्यांनी अंगठा उठवला.

त्याच वाक्यावरून ठमाबाई खोटारडी ठरत आहे. तिने खून केला, हे मी पाहिले. पण दगड तिनेच ठेवला होता, आणि भागूनेही चोरी केली नाही. दोघेही खरे बोलत होते. सबब ते वाक्य माझे समजून बाद करावे, साळुबाईंना दोष देऊ नये व माझा जबाब घ्यावा.

येत्या सोमवारी दहाच्या एसटीने मी येत आहे. माझी खात्री मला नाही. साडेदहापर्यंत आत आलो नाही, तर कृपया शिपाई पाठवावा. मी स्टँडवर परतीच्या गाडीची वाट पाहत बसलेला असेन. मी काहीही कारण सांगितले तरी मला आत आणावे.

आपल्या शिपायाची वाट पाहणारा,
चांगदेव सखाराम रोकडे