बक्रमवरचा आलेख

९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय बारके,

तुला थोरलीचे भरभरून आशीर्वाद. पाकिटात घडी घातलेला दुसरा एक कागद आहे, शाळेचा. तो आधी उघडू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू आधी तोच उघडणार. तरी सांगून ठेवते. त्यावर तुझी सही हवी आहे, आणि सही कुठल्या चौकटीत करायची ते हे पत्र संपेपर्यंत ठरवायचं नाही.

बाकी इकडे ठीक. तुझी रात्रपाळी संपली का? खाणीच्या दवाखान्यात नर्स म्हणजे चोवीस तासांची हमाली, मला कळतं, पण जेवत जा वेळेवर. माझं मशीन हल्ली कुरकुरतं. दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, याला आता निवृत्त करा." म्हटलं, आधी तू हो. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर मलाच मिळाली आहे, त्यामुळे घरभर निळं कापड झालंय. चहाच्या कपातसुद्धा दोरे निघतात.

तुझी खारू बरी आहे. उंचीने माझ्या कानाला लागली आता. जेवते, हसते, उलट बोलते. म्हणजे तब्येत उत्तम.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, "गणितात पोरगी घसरतेय. झेपत नसेल तर सोडू दे, तुझ्या हाताखाली शिवण शिकू दे." ते मी तिला वाचून दाखवलं. ती उठून भांडी घासायला गेली. न सांगता भांडी घासते म्हणजे काय समजायचं ते तू समज.

आता तू विचारशील, वाचून का दाखवलंस? तिला वाचता येत नाही का?

थांब. क्रमाने सांगू दे, नाहीतर माझं तंत्र बिघडेल.

सात-आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या वर्गात असमानतांचे आलेख सुरू झाले. माझी शाळा आठवीत सुटली, मला काय डोंबल कळतंय. पण आता इतकं ऐकलंय की झोपेतही सांगेन. समीकरणात दोन्ही बाजू सारख्या असतात. असमानतेत एक बाजू कमी, एक जास्त. तिची रेषा कागदावर काढायची आणि रेषेच्या ज्या बाजूचे बिंदू चालतात ती बाजू रंगवायची. अशा दोन असमानता एकत्र असल्या की दोन्ही रंग जिथे एकावर एक येतात, तेवढाच भाग आपला. आणि एक बारीक मेख आहे. रेषेवरचे बिंदूही चालत असतील तर चिन्हाखाली एक छोटी आडवी रेघ असते, आणि आलेखात रेषा अखंड काढायची. चालत नसतील तर ती रेघ नसते, आणि रेषा तुटक.

खारूचं सगळं बरोबर यायचं, फक्त तुटक रेषा चुकायची. प्रत्येक वेळी अखंड. प्रत्येक वेळी दोन गुण गेले. गणिताच्या बाईंनी वहीत लाल शाईने लिहिलं, "हुशार पण निष्काळजी." मी तिला बसवून पन्नास तुटक रेषा काढायला लावल्या. तिने काढल्या, वहीला नाक लावून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फळ्यावर तुटक, वहीत अखंड.

मी चिडले, बारके. आपल्या आईचा राग माझ्यात उतरलाय, तू नेहमी म्हणतेस ते खरं आहे. हातात कात्री होती, ती आपटली आणि ओरडले, "एवढं ढळढळीत दिसत नाही? डोळे फुटलेत का तुझे?"

हे मी बोलले. दिवसाला दहा घरांत दहा आया बोलतात तसंच बोलले. ती म्हणाली, "नाही," आणि वही मिटली.

तरी माझं डोकं शांत होईना. कॉलरचं बक्रम पडलं होतं, ते कडक अस्तर असतं ना, त्याचा तुकडा घेतला. त्यावर जाड दोऱ्याने एक ओळ साखळी टाक्याची घातली, सलग. खाली दुसरी ओळ धावदोऱ्याची, एक टाका, एक मोकळी जागा, एक टाका. तिच्यापुढे टाकून म्हटलं, "घे. हात लावून बघ, तुटक म्हणजे काय ते."

तिने बोटं फिरवली. वरच्या ओळीवरून, मग खालच्या. मग परत खालच्या. आणि रडायला लागली.

"मावशी, वहीत असं नसतं गं. वहीत सगळ्या सारख्याच असतात."

चार दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मग दुसऱ्यांकडे. दोघांचं म्हणणं एकच. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, औषध नाही, चष्म्याने भागणार नाही. कडेचं दिसत राहील. चालेल-फिरेल, रस्ता ओलांडेल, पण मधलं, बारीक, ज्याच्याकडे आपण रोखून बघतो, ते हळूहळू जाणार. म्हणूनच ती बोलताना मान वाकडी करून बघायची आणि मी म्हणायचे, नखरे कमी कर.

तू नर्स आहेस, रोगाचं नाव तुला सांगितलं की सगळं कळेल. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या शाळेच्या कागदाला टाचल्या आहेत.

आता दे शिव्या. तुझा हक्क आहे. थोडं पाणी पी आणि मग पुढे वाच.

सात महिने तुला खारूची म्हणून जी पत्रं आली, ती मी लिहिली. "अक्षर किती सुधारलंय गं पोरीचं!" असं तू कौतुकाने कळवलंस, तेव्हा मला दे माय धरणी ठाय झालं. मी बाळबोध वळणात, डावीकडे कलती अक्षरं काढून लिहायचे. शब्द मात्र सगळे तिचे, एकही माझा नाही. "मावशी हल्ली फार चिडकी झालीय" हेसुद्धा तिने सांगितलं आणि मी माझ्या हाताने निमूट लिहिलं.

तिने शपथ घातली होती. "आईला आत्ता सांगू नकोस. ती सगळं टाकून येईल, मला घेऊन जाईल, आणि मग गणित संपलंच. मला आधी एकदा नीट पास होऊ दे." पंधरा वर्षांची पोर, डोळे जातायत आणि हिला आलेखाची पडलीय! मी म्हटलं, बरं.

मग आम्ही कामाला लागलो. बक्रमचे हातभर तुकडे कापले. आडव्या-उभ्या दोन अक्षांना जाड दोरी शिवली, दर बोटभर अंतरावर शर्टाचं बटण, मध्ये शून्याच्या जागी कोटाचं मोठं बटण. अखंड रेषेला साखळी टाका, तुटकीला धावदोरा. रंगाऐवजी एका असमानतेला आडवे टाके, दुसरीला उभे. दोन्ही जिथे येतील तिथे बोटाला चौकडी लागते, आणि तेच उत्तर.

पुस्तकातली गणितं संपली तेव्हा तिने माझ्या धंद्यावर गणित घातलं. "मावशी, दिवसाला एक्स फ्रॉक आणि वाय शर्ट. फ्रॉकला एक तास, शर्टला दोन. तू आठ तासांच्या वर बसायचं नाहीस, तुझी कंबर गेलीय. म्हणजे एक्स अधिक दोन वाय, आठ किंवा आठपेक्षा कमी. आणि शाळेला शर्ट फ्रॉकपेक्षा जास्तच हवेत, बरोबरीत चालत नाहीत. म्हणजे वाय मोठा एक्सपेक्षा."

कुठल्या बाजूला टाके घालायचे, हे म्हणे अंदाजाने ठरवायचं नाही. एक बिंदू घ्यायचा आणि त्याला विचारायचं, बाबा रे, तू बसतोस का? तासांच्या रेषेला तिने शून्य फ्रॉक, शून्य शर्ट घालून पाहिलं. शून्य आठपेक्षा कमी, बसलं. दुसऱ्या रेषेला मीही शून्य-शून्य म्हटलं तर हसली. "ती रेषाच शून्यातून जाते, मावशी. त्याला काय विचारतेस? तो कुंपणावर बसलाय. एक शर्ट, शून्य फ्रॉक घे."

मी परीक्षा घेतली. "दोन फ्रॉक, दोन शर्ट. सहा तास होतात, चालेल?"

बोट सरकवत गेली, थांबली. "नाही. धावदोऱ्यावर आलं. बरोबरी झाली."

"दोन फ्रॉक, तीन शर्ट?"

"बरोब्बर आठ तास. साखळीवर आहे, पण साखळी आपली. चालेल. आणि त्यानंतर मशीन बंद करायचं."

दोन-तीन, दोन-तीन, तेव्हापासून मी तेवढंच शिवते. कंबरेला खरंच आराम आहे.

गेल्या महिन्यात गणिताच्या बाई घरी आल्या. जमिनीवर बसल्या, डोळे मिटले आणि बक्रमवरून हात फिरवला. मग खारूला म्हणाल्या, "मी तुला निष्काळजी म्हटलं. माझं चुकलं." मास्तरणीने असं म्हटलेलं मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी चाचणी आमच्या बक्रमवर घेतली, प्रश्न स्वतः वाचून दाखवले. वीसपैकी अठरा. दोन का गेले? वजा संख्येने भागल्यावर चिन्ह उलटं करायचं असतं, ते विसरली. म्हणजे ही चूक अगदी सगळ्यांसारखी! मला इतका आनंद झाला की बाईंच्या घरच्या एका शर्टाची झिजलेली कॉलर मी फुकट उलटून दिली.

निकालाच्या संध्याकाळी खारू म्हणाली, "आता लिही आईला."

तर कागद. मोठ्या परीक्षेसाठी त्यावर दोन चौकटी आहेत. पहिल्या चौकटीत सही केलीस तर गणित सुटतं, त्याजागी सोपा विषय मिळतो. दुसऱ्या चौकटीत केलीस तर ती गणिताला बसेल, लिहायला शेजारी लेखनिक आणि आलेखाला बक्रम. शेवटची तारीख ३० मार्च. मुख्याध्यापक म्हणाले, आईचीच सही लागेल, मावशीची चालणार नाही.

सही मला जमली असती, बारके. तुझी पत्रं समोर ठेवून रद्दी कागदावर तीन वेळा करून पाहिली. तिसरी हुबेहूब आली. मग मला माझीच भीती वाटली आणि तो कागद मी चुलीत घातला.

कारण आता खरं ते सांगते. शपथ तिने घातली हे खरं, पण मी ती पाळली ती तिच्यासाठी नाही. यजमान गेल्यावर या दोन खोल्यांत मी आणि मशीन एवढेच उरलो होतो. तू तीन वर्षांसाठी म्हणून तिला ठेवून गेलीस आणि मला घर आहे असं वाटायला लागलं. तुला कळलं तर तू तिला नेशील, हे एकच माझ्या डोक्यात होतं. तिच्या गणिताचं नाव पुढे केलं आणि मी मागे लपले. आई तू आहेस. पोटच्या पोरीचं असलं दुखणं तुला सात महिने कळू दिलं नाही, याला माफी मागायचं तोंडही मला नाही. तरी मागते. तिला न्यायचं असेल तर ने, मी दार अडवणार नाही. पण दुसऱ्या चौकटीत सही कर. शिवण ती माझ्याकडून कधीही शिकेल, ते काही पळून जात नाही. गणित तिचं आहे.

इथवरचं पत्र मी तिला वाचून दाखवलंय. यापुढचं नाही दाखवणार.

काल मी बटणं लावत होते, ती शेजारी कापडाच्या घड्या घालत होती. सहज विचारल्यासारखं म्हणाली, "मावशी, आईच्या हनुवटीवरचा तीळ कुठल्या बाजूला आहे गं?"

मी म्हटलं, "डाव्या."

"हं," म्हणाली आणि पुढची घडी घातली.

तुझा फोटो भिंतीवर तिच्या हाताच्या अंतरावर आहे, बारके. रोज त्याच्यासमोर मान वाकडी करून उभी असते. आई हवी असं ती तोंडाने म्हणणार नाही, तुझ्यावरच गेलीय. गेल्या आठवड्यात डॉक्टरांना मी विचारलं, माणसांचे चेहरे तिला आणखी किती दिवस दिसतील? ते म्हणाले, वर्षभर, फार तर. तुझा करार संपायला चौदा महिने आहेत. एवढं गणित मलाही येतं.

सही करून कागद पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये.

रागावून आलीस तरी चालेल,
तुझी
थोरली