मुख्य खातं फक्त माझ्याकडे

६ ऑक्टोबर
गणपतीपासून या वहीला हात लावला नाही, याची लाज वाटते. रोज लिहीन असा शब्द मी स्वतःलाच दिला होता. आजपासून नक्की.
कारखान्याच्या शेतकी ऑफिसात नवा डेटाबेस सर्व्हर आला. तो बसवायचं काम माझ्याकडे. ज्याची लागण आधी, त्याच्या उसाला तोड आधी; म्हणजे सगळा खेळ लागणीच्या तारखेचा. जुन्या कॉम्प्युटरवर सगळे एकाच नावाने शिरायचे, पासवर्डची चिठ्ठी कॅलेंडरच्या मागे. आता प्रत्येकाचं वेगळं खातं. तारीख फक्त मुख्य खात्यातून बदलता येईल, आणि ते फक्त माझ्याकडे. प्रत्येक बदल नावानिशी नोंदला जाईल.

९ ऑक्टोबर
बारा खाती तयार. क्लार्क बिभीषण म्हणाला, "साहेब, आमी नुसतं बघायचं? चोर हाय व्हय आमी?" वाईट वाटलं. मी माणसांवर संशय घेतो का? बराच विचार केला. ठाम राहिलो.

११ ऑक्टोबर, दुपारी
संचालक काकासाहेब आले. त्यांचंही खातं बघण्यापुरतंच. हसले. "आदिनाथराव, तुमचं नि आमचं येगळं हाय व्हय?" याला 'हो' कसं म्हणणार? माझा पासवर्ड दिला. आठच दिवसांसाठी. त्यांना टाइप करता येत नाही, त्यामुळे धोका शून्य.

१३ ऑक्टोबर
त्यांच्या वतीने बिभीषण टाइप करतो. चिठ्ठी कॅलेंडरच्या मागे. पण घडी घालून ठेवली आहे.

१९ ऑक्टोबर
आठ दिवस झाले. ऐन दिवाळीत पासवर्ड बदलणं बरं दिसणार नाही.

५ नोव्हेंबर
तोड सुरू. सोनईकडच्या रंगुबाई आल्या. लागण गेल्या वर्षी बारा जुलैची, यादीत बारा ऑक्टोबर. पाळी थेट फेब्रुवारीत. "तवर ऊस तुरा येऊन वाळून जाईल की वो सगळा!" मी समजावलं, आता लपवाछपवी चालत नाही, बदल करणाऱ्याचं नाव सर्व्हरमध्ये असतं. म्हणाल्या, "मग वाचा की नाव." उद्या या म्हटलं.
त्या गेल्यावर वाचलं. एक्केचाळीस शेतकऱ्यांच्या तारखा बदलल्यात. एक्केचाळीस वेळा माझंच नाव.
एक समाधान: बाहेरचं कुणीही शिरलेलं नाही.

६ नोव्हेंबर
रंगुबाई ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर बसलेल्या. खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो, म्हणून काहीच बोललो नाही. बिभीषण आतून ओरडला, "मावशी, साहेबांचंच नाव हाय त्यात." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी तर शिकलेलं दिसता," एवढंच म्हणाल्या.
त्यांनी वर तक्रार केली; सोमवारी माझी चौकशी. सगळ्या नोंदी छापून मागवल्यात.
दुपारी निश्चय केला: आजच्या आज सगळ्या तारखा पूर्ववत करायच्या. पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. कॅलेंडरच्या मागे चिठ्ठी नाही. बिभीषण म्हणाला, "काकासाहेबांनी सकाळीच बदलून घेतला. म्हनले, लई लोकांना म्हाईत झालाय."
तत्त्व म्हणून बरोबरच आहे.

उद्याचं काम: काकासाहेबांकडून माझा पासवर्ड मागून आणणे.