कोपरा न फाटलेली आठ पत्रं

मी, भिमाजी मंगळू निरभवणे, वय एकाहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार नाशिक, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ते आधी कुठे होतं हे त्यांनी विचारलं नाही. १९८९ साली मी एक मृत्युपत्र केलं होतं आणि त्यात मुलीला काहीही मिळू नये असं ठासून लिहिलं होतं. ते आता रद्द समजावं.

कलम १. कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते माझी नात पिंकी झुंबर आव्हाड, वय अकरा, राहणार सिन्नर, हिला द्यावं. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या वडिलांनी सांभाळावं. पिंकीचं शाळेतलं नाव मला माहीत नाही. वकिलांनी दाखल्यावरून घालून घ्यावं. दाराला आतून तीन कड्या आहेत. त्यांतल्या दोन मी मुलगी घर सोडून गेल्यावर बसवल्या. त्या काढून टाकाव्यात.

कलम २. जपानवरचं हस्तलिखित, वह्या अकरा, पिंकीला. १९६४ साली त्रिरश्मी लेण्यांवर आलेल्या एका जपानी भिक्खूंना मी दिवसभर हिंडवलं. जाताना त्यांनी त्यांच्या देशाच्या इतिहासाचं एक इंग्रजी पुस्तक दिलं आणि त्याने मला झपाटलं. दोनशे वर्षांहून अधिक काळ त्या देशाने परक्यांना दार बंद ठेवलं होतं. युरोपातल्यांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना मुभा, तीही नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर. दरवर्षी डच जहाज आलं की जगाची खबर लिहून शोगुनच्या, म्हणजे राज्य चालवणाऱ्या सरसेनापतीच्या, दरबारी जायची. १८५२ च्या खबरीत स्वच्छ लिहिलं होतं की पुढल्या वर्षी अमेरिकेची लढाऊ जहाजं येणार आहेत. कागद वरच्या मोजक्या अधिकाऱ्यांत फिरला आणि बासनात गेला. पुढल्या वर्षी काळा धूर सोडत जहाजं आली. पंधरा वर्षांत शोगुनशाही संपली, पुढे सामुराईंना तलवार बाळगायचीही बंदी झाली.

अभ्यासक्रमात याच्या दोन ओळी होत्या, मी दोन आठवडे घ्यायचो. आमचे मुख्याध्यापक म्हणायचे, "निरभवणे, पोरांना चांदवडला कांदा विकायचाय, जपानात नाही." त्यांना या मृत्युपत्राने काहीही देत नाही.

माझी मुलगी प्रतिभा दहा वर्षांची असताना पहिल्या वहीवर काजळाने जहाज काढत बसली होती. तिने विचारलं, "आप्पा, त्यांना आधी कोणीच सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं की. वर्षभर आधी."

"मग त्यांनी काय केलं?"

"काही नाही."

"वेडेच होते," म्हणाली आणि पोट धरून हसली. ते जहाज अजून वहीवर आहे. पुसू नये.

कलम ३. चांगुणाबाई, शेजारच्या, फुलबाजारात फुलं विकणाऱ्या. यांना माझ्या पत्नीचं, कै. कमळाबाईचं, शिलाई मशीन आणि तांब्याचा बंब द्यावा. कारण लिहितो.

प्रतिभाने १९८९ साली समाजाबाहेरच्या, सिन्नरच्या कारखान्यातल्या कामगाराशी, झुंबरशी, नोंदणी लग्न केलं. मी उठता-बसता जात मोडा म्हणून भाषणं देणारा माणूस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी दार लावून घेतलं. सिन्नरचं पत्र या घरात टाकायचं नाही, अशी पोस्टमनला ताकीद दिली. मग ती दर बुद्धपौर्णिमेला चांगुणाबाईंच्या पत्त्यावर पत्र पाठवू लागली. चांगुणाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणायच्या, "गुरुजी, पोरीचं पत्र हाय. मला वाचता येत नाय, न्हाईतर मीच वाचून दावलं असतं." मी पत्र हातात घ्यायचो, चारही कोपरे बघायचो. मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात, हे सांगायला नको. कोपरा शाबूत म्हणजे माणसं सुखरूप, एवढं कळलं की मला पुरे व्हायचं. न उघडता पत्र पत्र्याच्या पेटीत ठेवायचो. अशी आठ वर्षं आठ पत्रं.

एप्रिल १९९८ मध्ये कार्ड आलं, त्याचा कोपरा फाटलेला होता. प्रतिभा गेली होती.

त्या दुपारी आठही पत्रं उघडली. आठवं १९९७ च्या मे महिन्यातलं: "छातीत गाठ आहे, पसरली आहे. डॉक्टर वर्षभर म्हणतात. आप्पा, हे डच वखारीचं पत्र समजा. या." जित्या माणसाच्या पत्राचा कोपरा कोणी फाडत नाही, एवढं या शिकलेल्या गाढवाला कळलं नाही.

काळ्या-पिवळ्या जीपने सिन्नरला गेलो. झुंबरने दार उघडलं, पाणी दिलं. म्हणाला, "गुरुजी, वरीसभर ती दाराकडंच बघत व्हती. आता काय बघाया आले?" पिंकी आतून डोकावली आणि परत आत गेली. झुंबरशी माझं काही भांडण नाही. त्याचं बरोबर होतं.

कलम ४. पेटी आठही पत्रांसकट पिंकीला. सातव्या वहीत मी त्या दरबारी अधिकाऱ्यांबद्दल लिहिलं आहे, "ज्यांच्या हाती वर्षभर आधी कागद होता, त्यांना अजाणतेपणाची सबब नाही." कोणी वह्या छापल्याच तर हे वाक्य गाळू नये.

कलम ५. गेली तीन वर्षं दर बुद्धपौर्णिमेला मी पिंकीला पत्र लिहितो. उत्तर नाही. उघडली की तशीच ठेवली, कळायला मार्ग नाही. तक्रार करायचं तोंड मला नाही. माझ्या मरणाचं कार्ड मीच लिहून ठेवलं आहे, तारीख तेवढी घालावी. मजकूर एवढाच: "पिंकी, पेटी तुझी आहे. आईचं अक्षर बघ." कोपरा चांगुणाबाईंनी फाडावा. त्यांना वाचता येत नाही, पण कोपरा फाडता येतो. असं कार्ड वाचून झालं की फाडून टाकतात, पिंकीनेही टाकावं. पण माझं एवढं एक पत्र ती वाचेल.

लिहिलेलं स्वतः वाचून, साक्षीदारांसमोर सही केली. चांगुणाबाईंना वस्तू देत असल्याने त्या साक्षीदार नकोत, असं वकील म्हणाले. त्या दारात उभ्या आहेत. आत या म्हटलं, पहिल्यांदाच.

सही: भिमाजी मंगळू निरभवणे

साक्षीदार:
१. सावळीराम गणपत दोंदे
२. मनीषा अशोक जाधव, शिक्षिका

स्थळ: नाशिक
दिनांक: ७ मे २००१, बुद्धपौर्णिमा