तीन दारांचं घर

अहमदपूर

तीर्थस्वरूप अक्कास रामलिंगचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? (आमच्या रेणुकानं सांगितलेलं तेल त्यांना लावू देऊ नकोस. ती सर्दीलाही तेच तेल सांगते.) इकडं आम्ही ठीक आहोत, म्हणजे आहोत.

घर झालं. अप्पांनी घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर एकदाच्या भिंती उभ्या राहिल्या आणि भाडेकरू होतो तो मी घरमालक झालो. हे मी नाही केलं, गल्लीनं केलं. तसं मला रोज सांगण्यात येतं, त्यामुळं विसरायची सोय नाही.

आमचा आजवरचा घरमालक भीमाशंकर तुला माहीतच आहे. त्याच्या दोन खोल्यांत उमर गेली, पण त्यानं भिंतीला एक खिळा मारू दिला नाही. "भिंत दुखती" म्हणायचा, जशी काय ती भिंत नाही, त्याची पाठ आहे. कॅलेंडर मी दाराच्या कडीला अडकवायचो, कुणी आत आलं की ते खाली पडायचं. म्हणून तर अप्पांचा फोटो तुझ्याकडं नायगावला ठेवावा लागला. पोराच्या घरात बापाला जागा नाही, हे मला लई लागून राहिलंय, अक्का. घर पाहिजे होतं ते एवढ्यासाठीच, की आपल्या भिंतीवर अप्पा असावेत.

हे मी एकदा गल्लीत बोललो, तीच चूक झाली. साहेबराव गुरुजींनी (रिटायर झाले तरी गल्लीला चौथीचा वर्ग समजतात) लगेच बैठक घेतली. शेतात आपण सावड करतो, आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, तसंच रामलिंगचं घर बांधायचं, असं ठरलं. गल्लीतले सगळे मूळचे शेतकरी, त्यांना पटलं. पाया झाल्या झाल्या गवंड्याला सल्ले देऊन देऊन पळवून लावलं, आणि मग कामाची वाटणी केली ती रानासारखी. ज्यानं त्यानं आपला तुकडा बघायचा. एक भिंत गुरुजींची, एक बचत गटाच्या सुमनबाईंची, एक केरबा हमालाची. चौथी भीमाशंकरनं मागून घेतली. (भाडेकरू जाणार याचा आनंद असावा, दुसरं कारण मला सुचेना.)

मी पडलो एसटीचा कंडक्टर. हिमायतनगरची मुक्कामाची गाडी करून आलो की भिंती आणखी वर गेलेल्या असायच्या. आणि बघतो तर तिघांनी आपापल्या भिंतीत दार ठेवलेलं, आपापल्या घराकडं तोंड करून. एकमेकांना विचारायचं कुणालाच सुचलं नाही. दुसऱ्याच्या तुकड्यात डोकावायची रीत नाही म्हणे. गुरुजी म्हणाले, "दार पूर्वेलाच पायजे." सुमनबाई म्हणाल्या, "मग रेणुकानं आमच्याकडं यायचं कुठून?" केरबानं तर गोदामाच्या मापाचं दार ठेवलंय, डोक्यावर पोतं घेऊन सरळ आत जाता येतं. फुकटात घाम गाळणाऱ्याला बोलायचं कोणत्या तोंडानं? मी सगळ्यांना चहा पाजला.

आता धान्याच्या मोंढ्यातून स्टँडला जायचा जवळचा रस्ता आमच्या घरातून आहे. येणारे जाणारे पातेल्यावरचं झाकण उघडून बघतात आणि रेणुकाला मीठ कमी पडल्याचं सांगून दुसऱ्या दारानं निघून जातात. परवा मी जेवता जेवता सवयीनं "पुढं सरका, मधी थांबू नका" म्हणालो, तर लोक खरंच सरकले. यापेक्षा भाड्याच्या खोल्या बऱ्या होत्या, तिथं न विचारता आत येणारा एकटा भीमाशंकर होता. परोपकार म्हणतात तो हाच. करणारा मिरवतो आणि ज्याच्यावर होतो त्यानं मान खाली घालून सोसायचा. वास्तुशांतीला तू येऊ नकोस. पाहुणे कुठल्या दारानं घ्यायचे यावरून गुरुजी आणि सुमनबाई एकमेकांशी बोलत नाहीत.

दाजींना नमस्कार, पुनमला आशीर्वाद.

तुझा
रामलिंग

ता. क. पुढची सावड केरबाच्या घराची आहे. तोही भाड्यानंच राहतो. एक भिंत माझ्याकडं आली आहे. तिच्यात दार कुठं ठेवायचं ते मी ठरवून टाकलंय.

आणखी एक ता. क. चौथ्या भिंतीचं सांगायचं राहिलं. भीमाशंकरनं तिच्यात दार ठेवलं नाही, खिडकीही नाही. मी म्हटलं, याचा हात आखडता तो आखडताच. काल गिलाव्यावर पाणी मारताना बघितलं, भिंतीच्या मधोमध सागवानी खुंटी आहे, बांधतानाच बसवलेली. विचारलं तर माझ्याकडं न बघता म्हणाला, "खिळ्यानं भिंत दुखती. फोटो केवढा हाय ठाव नव्हतं, म्हणून जरा दांडगी बसवली." खुंटी वाकडी आहे, त्याच्यासारखीच. अप्पांना घेऊन ये. कुठल्याही दारानं ये.