वापरात नसलेलं काढून टाक

सोमवार
नोकरी लागली, तीही या वयात! कचेरी तिसऱ्या मजल्यावर, टेबल खिडकीशी, खुर्ची मात्र कुरकुरते. साहेब माझ्या भाच्याच्या वयाचा. काम माझ्या हातचं आहे: रुग्णालयांना द्यायच्या सॉफ्टवेअर पॅकेजमधला गणिताचा भाग कंपाइल झाल्यावर, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवल्यावर, फार फुगतो, तो आटोक्यात आणायचा. घरी येऊन ताईला सांगितलं. ताई माझी थोरली बहीण, पक्षाघातापासून अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, बरं झालं बाई, आता माझ्याखेरीज आणखी कोणावर तरी खेकसशील.

मंगळवार
कंपाइलरला सेटिंग दिली: जे कुठेच वापरलं जात नाही ते काढून टाक. ती पॅकेजच्या फाईलमध्ये लिहायची असते. मी माझ्या स्वतःच्या लॉगिन-खात्याच्या फाईलमध्ये लिहिली, म्हणजे दर वेळी लिहायला नको. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला, मॅडम, तिथे लिहिलेलं तुमच्या सगळ्याच गोष्टींना लागू होतं. मी सुनावलं, तुझे दुधाचे दात पडायच्या आधीपासून मी हे करते आहे. पॅकेज निम्म्यावर आलं, साहेब खूश.

बुधवार
घरातली पाहुण्यांची खुर्ची दिसत नाही. तिच्यावर वर्षानुवर्षं कोणी बसलं नव्हतं हे खरं, पण खुर्ची चोरून नेणार कोण? माळ्यावरची ट्रंकही नाही. धुळीत तिचा चौकोन तरी उरायला हवा होता. धूळ सगळीकडे सारखी आहे.

गुरुवार
शिलाई मशीन गेलं. गच्चीचा जिना गेला; तिथे भिंत आहे, जुन्याच रंगाची. दाढीवाल्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, ती ओळ खोडा आणि पुन्हा कंपाइल करा. खोडली, केलं. फाईल उघडली तर ओळ जागच्या जागी. माझं खोडणंच काढून टाकलं गेलं.

शुक्रवार
दाढीवाल्याचं टेबल नाही. साहेब म्हणतो, इथे पहिल्यापासून आपण दोघंच तर आहोत. त्याचा सल्ला माझ्या उपयोगी पडला नव्हता.
तशीच घरी धावले. ताई होती. तिला मटार सोलायला बसवलं. एका हाताने सोलता सोलता म्हणाली, अगं, तू तर माझी सासूच झालीस! मला हसू आलं नाही.

शनिवार
कामावर गेले नाही. ताईकडून मोज्यांच्या जोड्या लावून घेतल्या, पेपर मोठ्याने वाचून घेतला. दमली. म्हणाली, पुरे गं, माझा आता कोणाला काय उपयोग — मी ओरडले. तसं बोलू नकोस म्हटलं. तिला पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले, आणि परत येते तर —

रविवार
खोलीच नाही. भिंत. नखं मोडली तरी भिंतच. शेजारीण म्हणते, तुम्ही तर एकट्याच राहता.
मला आठवतं आहे. तेवढं तरी — पण माझं आठवणं तरी आता कोणाच्या —

सोमवार
तीळ कोणत्या गालावर — आवाज कसा —
सकाळपासून डोळ्यांना धार लागली आहे. कोणासाठी, तेच —
मी कोणाच्या तरी उपयोगी होते. कोणाच्या