भावोजींचं गप्प बसणं

३ मार्च
ताई बॅग घेऊन आली. मनगट काळंनिळं. "दारात अडकला हात," म्हणाली. असल्या दारांना मी भावोजी म्हणते!

६ मार्च
नवं काम आलं. सिनेमात संवाद नसतील तिथे पडद्यावर काय चाललंय ते दृष्टिहीन प्रेक्षकांना सांगायचं. हा नायक बोलतो कमी, बसतोच जास्त! बायको रडून आत झोपलीय आणि हा स्वयंपाकघरात एकटा, बोटातली अंगठी फिरवत. मी लिहिलं — 'तो स्वतःच्या मनात डोकावतो. त्याला पश्चात्ताप होतोय.' लिहिताना माझेच डोळे भरून आले.

९ मार्च
भावोजी आले. आरडाओरडा नाही, काही नाही. खुर्चीच्या टोकावर मान खाली घालून बसून राहिले. चहा गार झाला. थेट माझा नायक! ताई बाहेर येईना. मीच समजूत घातली — "अगं, विरघळलाय माणूस. तुटेपर्यंत ताणू नकोस."
"तुला त्यांचं गप्प बसणं माहीत नाही," म्हणाली. तरी गेली त्यांच्याबरोबर. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं.

१२ मार्च
माझं लिखाण तपासणाऱ्या बाई स्वतः अंध आहेत. आज फोनवर कडाडल्या — "पश्चात्ताप तुला दिसला कुठे? डोळे कुठे, हात कुठे, तेवढं सांग. पुढचं माझं मी बघते!"
चिडून आवाज बंद केला आणि तोच प्रसंग पुन्हा लावला. तो अंगठीकडे बघतच नाहीये! आधी दाराची कडी. मग टेबलावरचा बायकोचा फोन. मग खिडकीचे गज. पुन्हा कडी. कसला मनात डोकावतोय? बायकोला बाहेर पडता येऊ नये म्हणून काय काय करायचं, ते ठरवतोय मेला.
त्या दिवशी भावोजी खाली मान घालून बघत कुठे होते? समोर ताईचा फोन पडला होता.

१३ मार्च
ताईचा फोन बंद. दिवसभर.

१४ मार्च, सकाळ
न राहवून गेले. दाराला बाहेरून कुलूप. आत पंखा चालू. हाक मारली तर दाराला तोंड लावून ताई म्हणाली, "हळू बोल. ते कोपऱ्यावरच गेलेत." शेजारच्या सुताराने मुकाट्याने कुलूप तोडलं. ताई अनवाणीच निघाली. "चुकले गं मी," म्हटलं. "आता बोलू नकोस. चाल," म्हणाली.

१४ मार्च, दुपार
भावोजी येऊन गेले. ताई आतल्या खोलीत, कडी लावून. मी म्हटलं, "ताई? नाही हो, इकडे नाही आली." ते खुर्चीत बसले. गप्प. या वेळी मान वर होती, माझा चेहरा बघत होते. मग उठले, चपला घातल्या. दारातून म्हणाले,
"तिला म्हणावं, दोन घास खाऊन घे. कालपासून उपाशी आहे."