माय, तू रोवण्यातच का हसायचीस

माय,

आज पौर्णिमेच्या वंदनेला मी पांढरी साडी नेसून गेले आणि मधल्या रांगेत बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता जरा थांबावं लागतं, पण घरी आल्यावर हे सांगायला तुझ्याशिवाय दुसरं कोणी डोळ्यांपुढे आलं नाही.

तूही आधी पुढेच बसायचीस, सगळ्या बायांसारखी पांढरीशुभ्र साडी नेसून. मग धाकटा झाला आणि त्यानंतर तू हळूहळू दाराकडे सरकत गेलीस, साडी कॉफी रंगाची झाली, आणि शेवटी तू विहारात येणंच सोडलंस. गोंडपिपरीच्या आपल्या मोहल्ल्यात बायांची तोंडं कुठं बंद राहतात! कोणी म्हणे तुला गर्व चढला, कोणी म्हणे मन उडालं. घरातही तू हसेनाशी झालीस. मी शाळेतल्या बाईंची नक्कल करायला लागले की तू ओठ दाबायचीस, पाय घट्ट जुळवून उभी राहायचीस आणि डाफरायचीस, "हासवू नको मले! काऊन दात काढून राह्यली? जाय, अभ्यास कर." मला वाटायचं, आमची माय कडक झाली.

फक्त रोवण्याच्या दिवसांत तू वेगळी असायचीस. मी तुझी भाकर घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी आहे. बांधीत धानाची रोपं लावणाऱ्या बाया कमरेपर्यंत भिजल्या आहेत, कोणीतरी आपल्या नवऱ्यावर चावट गाणं रचून म्हणते आहे, आणि तू, माझी कडक माय, चिखलात हात टेकून खदाखदा हसते आहेस. भाकर द्यायचं विसरून मी पाहत राहते. तिथं सगळ्यांचीच लुगडी ओली, तुझं ओलं लुगडं कोण वेगळं ओळखणार होतं? पण हे मला फार उशिरा उमगलं.

मी सातव्या महिन्यात माहेरी आले होते. तू स्वयंपाकघरात मिरच्या कुटत होतीस. तिखटाचा खकाणा उडाला, मी शिंकले आणि साडी ओली झाली. लाजेनं मला रडूच कोसळलं. तू मुसळ ठेवलंस, दार लोटलंस आणि माझ्याजवळ बसलीस. "रडू नको व. मले धाकट्याच्या पायी हेच हाये. हासलं का होते, वझं उचललं का होते. बाईच्या जातीले होतेच. पाणी कमी पेत जाय, अन् कोणाले सांगू नको." मग पेटीतून शिवलेल्या कापडाच्या मऊ घड्या काढून माझ्या मांडीवर ठेवल्यास. कडा पाहिल्या तर तुझी विहाराची पांढरी साडी. मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "नेसत नाई तं ठेवून काय करू?" इतक्या मायेनं मला कोणी कधी काही दिलं नाही. सल्ला मात्र तुझा चुकला, माय.

मी तो सल्ला वर्षानुवर्षं पाळला. चंद्रपूरच्या शाळेत दिवसभर शिकवायचं आणि जेमतेम पेलाभर पाणी प्यायचं. कवायतीत उड्या मारायची वेळ आली की गुडघा दुखायचा. विहारात मीही गडद साडीत दाराशी बसायला लागले. मग लघवीला आग व्हायला लागली. आपल्याकडे सगळा दोष उन्हाचा. उन्हाळी लागली म्हणत मी धने-जिऱ्याचं पाणी घेत राहिले. गोळ्या घेतल्या की बरं वाटे, काही दिवसांनी पुन्हा तेच. एकदा थंडी वाजून ताप आला आणि कमरेच्या वर, पाठीत दुखायला लागलं, तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, "हसताना, खोकताना लघवी सुटते का?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत मान हलवली. त्यांनी आधी तापावर औषध दिलं, आणि बरी झाल्यावर मूत्रविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथं मी एकटीच बाई. शेजारी लघवीची थैली लावलेले एक आजोबा होते. म्हणाले, "बाई, पेशंट कुठी हाये?" मी म्हटलं, "मीच." ते ओशाळले. "आमाले वाटलं, हा माणसाइचाच दवाखाना हाये." मलाही तसंच वाटायचं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मग ते स्वतःच सांगायला लागले. रात्रीतून चारदा उठायचे, धार बारीक झाली होती, म्हातारपण म्हणून सोडून दिलं. शेवटी लघवी पार अडली आणि जीव जायची पाळी आली. "एकदा रगत बी दिसलं होतं, पन दुखत नोहतं नं! डॉक्टर रागावला माह्यावर. न दुखता एकदा जरी रगत दिसलं, तरी यावं लागते म्हणे."

माझ्यावर डॉक्टर रागावले नाहीत. ओटीपोटाखालचे स्नायू बाळंतपणात ढिले पडतात, म्हणाले; पाणी तोडल्यानं ते आवळत नाहीत, उलट जंतूंचं फावतं. ते स्नायू आवळून धरायचे, सोडायचे, रोज, काही महिने. नाहीच जमलं तर छोटं ऑपरेशन असतं. एवढंच होतं, माय. एवढ्यासाठी तू हसणं सोडलंस. बाहेर येऊन मी रिक्षात रडले, आणि रिक्षावाल्याला वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलं.

ऑपरेशन लागलं नाही. आज वंदना झाल्यावर खीर वाटताना शेजारणीनं तिच्या सुनेची नक्कल केली आणि मी हसले, मोठ्यानं, सगळ्यांनी वळून पाहावं इतकं. कोरडी राहिले. डोळ्यांना मात्र पदर लावावा लागला.

हे पत्र मी कुठं टाकणार? उशीखालीच राहील. पण एक कबूल करते. त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "आईला होता का असा त्रास?" सगळं सांगायचं ठरवूनच मी गेले होते. तरी मी म्हणाले, "नाही."